मुंबईच्या मराठी मंडळ्यांचा नाताळ आणि दानाची जुनी गोष्ट

डिसेंबर लागला की भायखळा ते दादर या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासक समाजांत, दोन कामं एकदमच सुरू होतात. तरुण संघ कॅरलफेरीच्या रात्री ठरवतो: कोणती चाळ कधी, ढोलकी कोण आणणार, पेटी कोण वाजवणार. महिला मंडळ ब्लँकेटं, धान्य आणि साड्यांचा हिशोब मांडून बसतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं मिशनऱ्यांनी जसंच्या तसं आणून दिलं असणार. प्रत्यक्षात गाणं एका वाटेने आलं, दान दुसऱ्या, आणि खुद्द नाताळ तर भलत्याच.

वर्गणीची गोष्ट सर्वांत जुनी. पोर्तुगिजांच्या काळात वसईत अनाथ, विधवा आणि कैदी यांच्यासाठी काम करणारा ‘मिझेरिकॉर्दिया’ हा बंधुसंघ होता. इंग्रजांच्या मुंबईत मात्र नाताळ आणि वर्गणी यांची गाठ पडली ती फोर्टात. मुंबईचे गव्हर्नर जेरॉल्ड ऑंजिए यांनी १६७६ मध्ये सेंट थॉमस चर्चचं काम सुरू केलं, ते रखडलं आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीसाहेबांनी १७१५ पासून कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या मागे लागून पैसा उभा केला आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. (चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च ते हेच.)

त्या दिवसाची एक नोंद कॉब यांनी करून ठेवली आहे. वाळकेश्वराचं मंदिर पुन्हा बांधणारे धनाढ्य सारस्वत व्यापारी रामा कामाठी आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन आले होते. उपासनेची शिस्त त्यांना इतकी भावली की ती संपेपर्यंत मंडळी बाहेर उभी राहिली. पुढे आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून याच माणसाला कंपनीने तुरुंगात टाकलं आणि तो तिथेच वारला. पुरावा बनावट होता, हे नंतर उघड झालं. नाताळच्या कौतुकाच्या गोष्टीत हा शेवट सहसा कोणी सांगत नाही. कॉब यांनी त्याच सुमारास बारा गरीब मुलांना खाऊपिऊ, कपडे आणि शिक्षण देणारी धर्मादाय शाळाही काढली.

मराठी मंडळ्यांचा वंश मात्र फोर्टातून आलेला नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं. ते टिकले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. गंमत अशी की ज्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, परंपरेतून हे लोक आले तिला नाताळ मान्यच नव्हता. बायबलात तारीख नाही, मग सण कसला, असा तो रोकडा विचार. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड होता आणि तिथे या दिवशी सुटी मिळायला १८५६ उजाडावं लागलं. त्यामुळे आजच्या मराठी मंडळीचा वाजतगाजत होणारा नाताळ हे तिच्या संस्थापकांचं देणं म्हणता येत नाही. माझ्या मते तो अर्धा शेजारच्या अँग्लिकन आणि कॅथलिक लोकांकडून आला, अर्धा आपल्याच कीर्तन-भजनाच्या सवयीतून. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी एकोणिसाव्या शतकातच टाळ-मृदंगावर येशूचं आख्यान लावलं होतं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी पुढे अभंग-भजनांची एवढी रास घातली की ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचं गीतपुस्तक त्यांच्याशिवाय पातळ झालं असतं.

टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला, १८९५ मध्ये. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. परक्या पैशावरची मंडळी इथल्या मातीत रुजणार नाही, ही त्यांची खंत होती. त्यांच्या आधी जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने मुंबईत तेच केलं होतं. १८४८ मध्ये आलेल्या बोवेन यांनी मिशनचं वेतन नाकारलं, शिकवण्या करून पोट भरलं आणि १८८८ मध्ये वारेपर्यंत बाजारवस्तीत साधेपणाने राहिले.

हा मुद्दा किती नाजूक होता ते १८९९-१९०० च्या, संवत १९५६ मुळे ‘छप्पन्नचा’ म्हटल्या जाणाऱ्या, दुष्काळात दिसलं. १९०० मध्ये ‘क्विटो’ हे जहाज अमेरिकेतून मका भरून मुंबई बंदरात आलं आणि धान्य मिशनऱ्यांमार्फत वाटलं गेलं. नगर-जालन्याकडची कित्येक कुटुंबं त्या काळात मंडळीत आली. त्यांचीच पुढची पिढी गिरण्या, रेल्वे, इस्पितळं आणि शाळांच्या नोकऱ्यांसाठी मुंबईत उतरली. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा तिने पुष्कळ ऐकला. नाताळात ही मंडळी हात आखडता का घेत नाहीत, याचं उत्तर थोडंफार त्या टोमण्यात आहे. ज्यांच्या आज्यांनी परक्याचा मका खाल्ला, त्यांना अर्पणाचं पाकीट रिकामं देणं जमत नाही.

गावठाणांतल्या कॅथलिकांची रीत निराळी. वांद्रे, कुर्ला, मरोळ, गोराईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक, घरांतून फुग्यांची (तळलेल्या गोळ्यांची) आणि गोडधोडाची ताटं शेजारी जातात, शेजारी कोणत्या धर्माचा ते न पाहता. गरजूंसाठी धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या या संस्थेचे सभासद जोडीने घरोघर जातात, कुठे औषध, कुठे फी, कुठे किराणा. त्यांच्या बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकाने मिटलेली मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कोणी शंभर टाकले, कोणी पाच, कोणाची मूठ रिकामीच होती, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. देणगीदारांच्या नावाच्या फरशा बसवणाऱ्या शहरात ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

मराठीतली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, हीही तशी अलीकडची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली, तोवर लॅटिनच. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं बस्तान १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बसलं. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेची वेळ मात्र मुंबईत बरीच सरकली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद केले. काही ठरावीक रात्रींना सवलत मिळते, तरी अनेक चर्चनी वेळ अलीकडे घेतली. २०२० मध्ये रात्री अकरापासून संचारबंदी होती, म्हणून संध्याकाळीच उरकावं लागलं आणि बरेच जण घरी मोबाइलवर मिस्सा पाहत बसले.

सध्याची चर्चा पैशाच्याच दुसऱ्या टोकाची आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलानंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीच्या बालवाडीला किंवा दवाखान्याला पैसा मिळायची वाट त्यामुळे बंद झाली. टिळकांना हवं होतं ते असं कायद्याच्या धाकाने आलं. आता अशी कामं चालवायची तर भिस्त इथल्याच अर्पणावर, आणि नाताळात जमलेल्यातून वाटपाला किती काढायचं, वर्षभराच्या पगारांना किती ठेवायचं, यावर कमिटीच्या बैठका लांबतात.