दाणे टाकले की पारवेच का येतात?

बाल्कनीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकायची, चिमण्या येतील म्हणून वाट बघायची आणि पंधरा दिवसांत कुंड्या, एसीचं युनिट, वाळत घातलेल्या चादरी असं सगळं पारव्यांच्या, म्हणजे कबुतरांच्या, विष्ठेनं माखलेलं बघायचं, हा अनुभव मुंबई-पुण्यात घरोघरचा आहे. मग जाळी बसते आणि पारव्यांबरोबर बुलबुलही कायमचा बाहेर राहतो. यात पारव्याचा काही दोष नाही. ज्वारीचं आमंत्रण त्यालाच गेलेलं असतं.

चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर आलेलं उघडं पिल्लू साधारण पंधरा दिवसांत घरटं सोडतं. तेवढ्या वेळात हाडं, स्नायू, पिसं सगळं उभं करायचं, तर भरपूर प्रथिनं हवीत. म्हणून सुरुवातीचे काही दिवस आईबाप त्याला मुख्यतः अळ्या, मावा, कोळी आणि बारीक किडे भरवतात. आजूबाजूला किडेच नसतील तर कठड्यावर पोतंभर बाजरी असली तरी पिल्लं जगत नाहीत.

पारव्याला ही अडचणच नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीचं अस्तर पिल्लांच्या वेळी जाड होतं. त्यातल्या पेशी सुटून दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, भरपूर प्रथिनं आणि चरबी असलेला. यालाच पारव्याचं दूध म्हणतात. गंमत म्हणजे ते तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सस्तन प्राण्यांच्या दुधामागेही असतं. थोडक्यात, पारवा ज्वारीचं बालान्न स्वतःच्या शरीरात बनवतो. त्याला किड्यांच्या हंगामाची वाट बघावी लागत नाही. दाणे बारा महिने मिळाले की अंडीही बारा महिने, एका वेळी दोन, वर्षात पाच-सहा वेळासुद्धा. खिडकीवरचा छज्जा त्याला कड्याच्या कपारीसारखाच, कारण त्याचे पूर्वज कड्यांवरच राहायचे.

पारव्यांची संख्या वाढली की वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वाढते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुफ्फुसांना अतिसंवेदनशीलतेचा गंभीर आजार होतो. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून झालेल्या वादाच्या मुळाशी हाच मुद्दा होता.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी पाणी, मग झाडं, आणि दाणे सगळ्यात शेवटी, तेही हात राखून.

एप्रिलच्या दुपारी कुंपणाच्या भिंतीवर बसलेला कावळा नीट बघा. चोच उघडी, पंख अंगापासून जरा सुटलेले, छाती भराभर हलतेय. तो ओरडत नसतो, स्वतःला गार करत असतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. शरीराचं तापमान मुळातच ४० अंशांच्या वर असतं आणि बाहेरची हवा त्याच्या जवळ पोचली की उष्णता बाहेर टाकायला तोंडातल्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करणं एवढाच मोठा उपाय उरतो. त्यात पाणी खर्च होतं. चिमणीचं सगळं वजन पंचवीस-तीस ग्रॅम, तिच्याकडे पाण्याचा साठा तो किती असणार!

यासाठी कुंभाराकडचा मातीचा पसरट परळ सगळ्यात उत्तम. रुंदी एक ते दीड फूट, खोली कडेला जेमतेम अर्धा इंच आणि मध्ये फार तर दोन इंच. खोल बादली किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचं घमेलं नको. पक्ष्याला पाय रोवता येत नाहीत आणि पिल्लू पडलं तर बुडतं. घरात खोलगट भांडंच असेल तर मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील असा. मातीचं भांडं पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं; पण म्हणूनच मे महिन्यात ते दिवसातून दोनदा भरावं लागतं.

आता डासांचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात आणि पुन्हा भरलं की अळ्या होतात. म्हणून पाणी रोज बदलायचं आणि दोन-तीन दिवसांतून एकदा नारळाच्या शेंडीनं कड घासून परळ उन्हात वाळवायचा. साबण नको. एक जादा परळ असला की घासलेला वाळेपर्यंत दुसरा कामात येतो.

जागा निवडताना मांजराच्या बाजूनं विचार करावा. परळ झुडपाला अगदी चिकटून असेल तर मांजर दबा धरून बसतं, आणि अगदी उघड्यावर असेल तर पक्षी उतरायला कचरतात. झुडपापासून पाच-सहा फूट बरं. काचेच्या मोठ्या खिडकीचाही धोका असतो. काचेत आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि घाबरून उडालेला पक्षी थेट तिच्यावर आपटतो. परळ काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवला तर पक्ष्याला वेग धरायला जागा मिळत नाही. नाहीतर मग तीस फुटांपलीकडे. मधलं अंतर सगळ्यात वाईट. ते टळत नसेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवावेत. ससाण्याचं एकच चित्र चिकटवण्याची पद्धत फारशी उपयोगाची नाही, त्याच्या शेजारची मोकळी काच तशीच राहते.

पाण्यावर पारवे येणारच नाहीत असं नाही, पण दाणे नसले की ते पिऊन निघून जातात. ते पितानाही ओळखू येतात. बुलबुल किंवा साळुंकी चोचीत घोट घेऊन मान वर करते आणि पाणी घशात उतरू देते. पारवा आणि होला चोच बुडवतात आणि मान न उचलता ओढून पितात. परळाजवळ पंधरा मिनिटं बसलं की हा फरक सहज दिसतो.

पाण्यावर जे पक्षी येतात ते दाण्यावर कधीच दिसले नसते. दयाळ, शिंपी, नाचण, चष्मेवाला, तांबट यांना ज्वारीत काडीचा रस नाही. कोणी किडे खातं, कोणी मध, कोणी फळं. त्यांना खाऊ घालायचं तर ताटली नव्हे, झाड लागतं, आणि ते कुंडीतलंही चालतं. कढीपत्ता हे त्यातलं सगळ्यात गुणी. त्याची काळी फळं बुलबुल आवडीनं खातात आणि पानांवरच्या फुलपाखरांच्या अळ्या शिंपी टिपून नेतो. शेवगा फुलला की जांभळे शिंजीर येतात. जास्वंदावरही येतात, पण तिथे चोरटेपणा चालतो. फूल मोठं आणि चोच आखूड, म्हणून शिंजीर फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो आणि परागकणांना शिवतही नाही. आवारात जागा असेल तर उंबर लावावा. तो पिकला की तांबट, कोकीळ, हळद्या, हरियाल कोण येईल सांगता येत नाही. आंब्यावर बांडगूळ दिसलं की माळी ते छाटतो, आणि आंब्यासाठी ते योग्यच आहे; मात्र फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी त्याच फळांवर जगतो हेही माहीत असावं.

झाडं लावून त्यांच्यावर दर पंधरवड्याला कीटकनाशक मारणं म्हणजे पंगत मांडून पानं उचलणं. जास्वंदावरचा मावा हे चिमणीच्या पिल्लाचं जेवण आहे. फारच झाला तर पाण्याचा फवारा मारून पाडावा.

साखरेच्या पाण्याच्या लाल बाटल्या हल्ली ऑनलाइन मिळतात. त्या अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनलेल्या आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाणी एक-दोन दिवसांत आंबतं, मुंग्या लागतात आणि त्यात बुरशी धरते. त्या पैशात जास्वंदाची दोन रोपं येतात.

फळ मात्र जरूर ठेवावं. पिकलेल्या पपईची फोड किंवा अर्धा पेरू फांदीच्या खुंटाला टोचून ठेवला की बुलबुल आणि कोकिळा येतात. संध्याकाळच्या आत उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर रात्री उंदीर येतात.

आणि दाणेच घालायचे असतील तर पारव्याला आत शिरता येणार नाही अशी सोय हवी. दीड इंची चौकोनांची कडक तारेची जाळी घेऊन साधारण एक फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा करायचा आणि दाण्यांची वाटी बरोबर मध्यभागी ठेवायची. चिमणी आणि मुनिया या चौकोनातून सहज जातात. साळुंकी, होला, पारवा बाहेर राहतात. वाटी कडेला ठेवली तर पारवा मान आत घालून खातो, ही चूक बहुतेक जण करतात. दाणे बारीक हवेत: राळे, बाजरी, तांदळाच्या कण्या. दोन चमचे पुरे, तासाभरात संपतील एवढे. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी घालायचे. खाली सांडलेले झाडून घ्यायचे, कारण पारवे तिथेच जमतात. पावसाळ्यात दाणे सरळ बंद. ओल्या दाण्यांना, विशेषतः शेंगदाण्यांना, धरणारी बुरशी विषारी द्रव्यं तयार करते, आणि त्या दिवसांत बाहेर किड्यांची, गवताच्या बियांची चंगळ असतेच.

फरसाण, वेफर्स, लोणच्याचा मसाला लागलेली पोळी असलं खारट काही नको. चिमणीएवढ्या जिवाला थोडं मीठही जड जातं. दूध पचत नाही. पावानं पोट भरतं, पोषण होत नाही. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात ही मात्र नुसती अफवा आहे. शेतातल्या भातावर मुनिया आणि सुगरणी डल्ला मारतात ते काय शिजवून?

एकाच वाटीवर रोज गर्दी झाली की रोगही तिथेच पसरतात. पायावर किंवा डोळ्याभोवती गाठी आलेला, पिसं फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर दोन आठवडे वाटी उचलून ठेवावी, म्हणजे गर्दी पांगते. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. भारतातल्या बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच सापडली होती.

‘चिमणीचं घर मेणाचं’ ही गोष्ट ऐकून सगळेच मोठे झाले, पण चिमणीला लागतं ते भिंतीतलं भोक, कौलांखालची फट, तसबिरीमागची सांद. काँक्रीटच्या गुळगुळीत इमारतीत यातलं काही नाही. देशभरातल्या निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या अहवालात चिमणी देशपातळीवर साधारण टिकून असल्याचं, पण मोठ्या महानगरांत घटल्याचं दिसलं. किडे आणि सांदीकोपरे दोन्ही जिथे आटले, तिथेच ती कमी झाली यात नवल नाही.

लाकडी पेटी लावायची तर तळ पाच-सहा इंच चौरस आणि उंची नऊ-दहा इंच. दाराचं भोक बरोबर ३२ मिलिमीटर, तळापासून सहा इंच वर. भोक मोठं झालं तर साळुंकी पेटी बळकावते. दाराखाली बसायला दांडी लावू नये, ती चिमणीला लागत नाही आणि शिकाऱ्याला मात्र उपयोगी पडते. तळाला चार बारीक छिद्रं, तोंड पश्चिमेच्या उन्हाकडे आणि नैर्ऋत्येच्या पावसाकडे नको, जमिनीपासून उंची किमान दहा फूट. पंख्याजवळ तर नकोच. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून एकापेक्षा दोन-तीन पेट्या चांगल्या. लगेच कोणी राहायला आलं नाही तर सारखी जागा बदलू नये.

मे-जूनमध्ये जमिनीवर पडलेली पिल्लं सापडतात. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकत नाही. ड्रॉपरनं चोचीत पाणी मात्र कधीच सोडू नये. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते, पाणी थेट फुफ्फुसात जातं आणि पिल्लू हातातच मरतं.

हे सगळं बघायला महागडी साधनं लागत नाहीत. दुर्बीण घेतलीच तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), आणि दुकानात एकच गोष्ट तपासायची: सहा-सात फुटांवरची वस्तू स्पष्ट दिसते का. बाल्कनीतला पक्षी तेवढ्याच अंतरावर असतो, आणि बऱ्याच दुर्बिणी तिथेच धूसर होतात. सूर्योदयानंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले सगळे पक्षी संख्येसकट लिहायचे, कावळे आणि पारवेसुद्धा. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस चालणाऱ्या अंगणातल्या पक्षीगणनेची हीच पद्धत आहे. भारतातून २०१३ पासून लोक त्यात भाग घेतात आणि नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातात. नेहमीचा म्हणून पारवा वगळला, तर तो वाढतोय की घटतोय हे त्या यादीतून कधीच कळणार नाही.

वहीत तारखा मांडत गेलं की वर्षाचं वेळापत्रक दिसू लागतं. पावसाळा ओसरताना गच्चीवर शेपूट हलवत फिरणारा धोबी आला की हिवाळी पाहुणे सुरू झाले. उन्हं तापायला लागली की तांबटाची टुक-टुक वाढते. आणि पावसाच्या तोंडावर कावळ्याच्या मागे मागे चोच वासून फिरणारं काळपट पिल्लू दिसलं तर नीट बघा: शेपूट जरा जास्तच लांब, पिसांवर फिकट ठिपके. कावळा त्याला इमानेइतबारे भरवत असतो, आणि पिल्लू असतं कोकिळेचं.