चांगला शोमरोनी (रेम्ब्रांटचे अम्लरेखन)

डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याने १६३३ मध्ये केलेले मुद्राचित्र. विषय बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या वाटसरूला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. याजक (यहुदी पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) त्याला पाहून बाजूने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांचे ज्यांच्याशी वैर होते त्या समाजातला माणूस. तो जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत आणतो आणि खर्चासाठी मालकाला दोन नाणी देतो.

जखमा बांधण्याचा क्षण चित्रकारांच्या आवडीचा. रेम्ब्रांट मात्र उतारशाळेच्या दाराशी येऊन थांबतो. नोकर जखमीला दोन्ही हातांनी घोड्यावरून उतरवतो आहे, एका पोराने लगाम धरला आहे, मागे एक बाई विहिरीचे पाणी शेंदते आहे. खुद्द शोमरोनी मागच्या बाजूला, पायऱ्यांच्या वर मालकाशी बोलताना दिसतो. दया इथे भावनेत अडकून राहत नाही; ती सोय लावण्याच्या कामाला लागलेली दिसते, आणि हेच या चित्राचे मोठेपण. अगदी पुढे एक कुत्रा विष्ठा करत बसला आहे. पवित्र विषयात हे अनेकांना खटकले, पण तो काढला तर अंगणाचा खरेपणाच जाईल.

अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खाते, त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाखाली ठसा घेतात. ठसा उलटा उमटतो. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये रेम्ब्रांटच्या नावे असलेले १६३० चे याच प्रसंगाचे छोटे तैलचित्र आहे. त्याची रचना या ठशाच्या आरशातल्या प्रतिमेसारखी आहे. त्यात कुत्रा नाही. पत्र्यावर पुढेही काम होत गेल्याने ठशाच्या चार अवस्था आढळतात. पहिल्या अवस्थेत घोड्याची शेपटी छायेविना पांढरीच आहे. स्वाक्षरी व साल शेवटच्या अवस्थेत येते.

खिडकीतून पिसाची टोपी घातलेला एक तरुण खाली पाहतो. जर्मन कवी गटे याने १८३१ मध्ये या ठशावर लिहिताना तो लुटारूंपैकीच एक असून जखमीने त्याला ओळखले आहे, असा अर्थ लावला. दाखल्यात याला काहीच आधार नाही. तरी जखमीचा चेहरा त्या खिडकीकडे वळलेला आहे, हे गटेने बरोबर टिपले.