क्लचची जुळवणी (जुन्या मोटारी)

मॅन्युअल गिअरच्या जुन्या मोटारीत क्लचची जुळवणी म्हणजे पेडलची मोकळी चाल ठरवून देणे. पेडल दाबू लागल्यापासून रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर पुढे सरकणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) बोटांना, म्हणजे तिच्या आतल्या पट्ट्यांना, टेकेपर्यंत पेडल जेवढे सैल जाते, ती मोकळी चाल. केबलच्या क्लचमध्ये ती साधारण १५ ते २५ मिमी असते. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये १० ते २० मिमी. बेअरिंगपाशी हेच अंतर जेमतेम दीड-दोन मिमी भरते.

क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घर्षणाची तबकडी) झिजली की ही चाल वाढत नाही, कमी होते. फसगत होते ती इथेच. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या जड चाकाकडे) सरकते आणि तिची बोटे उलटी, बेअरिंगकडे येतात. चाल संपली की बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहते, स्प्रिंगचा पुरा दाब प्लेटवर बसत नाही आणि क्लच घसरतो: इंजिन चढते, गाडी मात्र वेग घेत नाही. याउलट केबल ताण पडून लांबली किंवा जोडणीच्या पिनांची भोके लंबगोल झाली की चाल वाढते. मग पेडल तळाला नेले तरी प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती मोकळी होत नाही आणि रिव्हर्स टाकताना दाते करकरतात.

म्हणून जुळवणीच्या नटाला हात लावण्याआधी चाल मोजावी. पट्टी पेडलशेजारी उभी धरावी आणि पेडल हातानेच दाबावे. पायाला तो हलका अडथळा जाणवत नाही. लॉक नट (जुळवणी जागेवर धरणारा नट) सैल करून अॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवावा, दर वेळी पेडल चार-पाच वेळा मारून पुन्हा मोजावे. बीटलमध्ये गिअरबॉक्सपाशी केबलच्या टोकाला पंखांचा नट असतो. त्याचे पंख लिव्हरच्या खाचेत नीट बसले नाहीत, तर केलेली जुळवणी टिकत नाही.

घसरण तपासायला हँडब्रेक घट्ट ओढून टॉप गिअरमध्ये क्लचचे पेडल सोडावे; इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ही चाचणी एकदाच करावी, प्लेट तापते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये (केबलऐवजी ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या) अनेकदा जुळवणीची सोयच नसते. दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडत असेल, तर क्लचच्या ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा सील गेले आहे. गिअरबॉक्सपाशी क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण मागे सारून पाहावे. आत ओल दिसली तर सील बदलावे लागते, नुसती हवा काढून भागत नाही.

चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट संपली आहे किंवा क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तिच्यावर इंजिनाचे ऑइल येते आहे. नट पिळून काही होत नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. तेव्हा नट फिरवून केबल आवळत बसू नये, मोकळ्या चालीचे उरलेसुरले मिलिमीटरही त्यात जातात.