रेघेचं टोक बघा: राजाचं चित्र एनग्रेव्हिंग की एचिंग?

सतराव्या शतकातलं राजाचं छापील चित्र दिसलं की अनेकजण सरसकट 'एचिंग' म्हणून मोकळे होतात. पण ते एनग्रेव्हिंगही असू शकतं. एनग्रेव्हिंग म्हणजे अवजाराने कोरलेलं, एचिंग म्हणजे अ‍ॅसिडने कोरलेलं; दोन्ही प्रकार तांब्याच्या पत्र्यावरचे. दोन्हींत शाई खाचेत भरायची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागदावर जोरात दाबून छापायचं. त्यामुळे कागदात उमटलेली पत्र्याची चौकट किंवा बोटाला लागणारा शाईचा उठाव यांवरून काही ठरत नाही. ठरतं ते रेघेवरून. दहापट भिंग घ्या, उजेड बाजूने येऊ द्या आणि रेघेची टोकं बघा.

एनग्रेव्हिंगमध्ये ब्युरिन हे चौकोनी पोलादी अवजार पुढे ढकलत तांबं कापतात. त्याची लाकडी मूठ तळहातात बसते. पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर असतो. वळण घेताना हात नाही, पत्रा फिरवतात. दाब हळूहळू वाढतो आणि उतरतो, म्हणून रेघ बारीक निघते, मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. कडेला उठलेली तांब्याची खरखर स्क्रेपरने काढावी लागते. राहिली तर ती शाई धरते आणि रेघ मळकट येते. हात घसरला तर ती जागा खरवडायची, पत्रा मागून ठोकून पुन्हा सपाट करायचा. म्हणून एकेक पत्र्याला इतका वेळ लागे.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा थर देतात, तो धुराने काळा करतात आणि सुईने त्यावर रेखाटतात. सुईने थर निघालेल्या जागी अ‍ॅसिड तांब्याला खातं. सुई कागदावरच्या पेन्सिलीसारखी मोकळी फिरते, पण रेघेची जाडी जवळपास सारखी राहते, टोकं बोथट आणि कडा किंचित खडबडीत. गडद हवं तिथे फिकट भागावर वार्निश लावून पत्रा पुन्हा अ‍ॅसिडमध्ये. थर कच्चा असला तर नको तिथे ठिपके पडतात. रेघा फार जवळ आल्या तर मधलं तांबंही खाल्लं जातं आणि जाळीऐवजी डाग उरतो.

गोंधळाला फ्रेंच एचिंगकार जाक कालो यांचं एक अवजारही जबाबदार आहे. तिरक्या अंडाकृती टोकाच्या त्या सुईने एचिंगची रेघही फुगवता येते. ब्युरिनच्या कामासारखं दिसणारं एचिंग कसं करावं, हे आब्राम बॉस यांनी १६४५ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात सविस्तर शिकवलं.

रोबेर नांतय या फ्रेंच एनग्रेव्हरने केलेलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १६६४ चं चित्र पाहा. गालावर रेघा नाहीतच म्हणावं, बारीक टिंबं आणि तुटक छोटे काप आहेत. हनुवटीकडे ते लांबत जातात आणि केसांत लांब, फुगीर वळणं होतात. इतकी मऊ त्वचा ब्युरिनने काढणं थोर काम आहे. याउलट वेन्सेस्लाउस होलार यांनी एचिंगमध्ये काढलेल्या इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या चित्रांत सुईची मोकळी, सारख्या जाडीची रेघ दिसते.

चित्राखालच्या अक्षरांवरून मात्र निर्णय करू नका. एचिंगच्या पत्र्यावरही मजकूर अनेकदा ब्युरिनने कोरलेला असतो. चेहरा कोरीव आणि पार्श्वभूमी अ‍ॅसिडची, असे मिश्र पत्रेही पुष्कळ. आणि फोटोवरून तर ठरवूच नका: व्हॅलेंटाइन यांच्या १७२४ ते १७२६ च्या डच ग्रंथातलं शिवाजी महाराजांचं चित्र आपण बहुतेक पुनर्मुद्रणातच पाहतो, आणि भिंगाखाली तिथे रेघेऐवजी छपाईच्या टिंबांची जाळी लागते.