ॲप उडालं, फोन राहिला

मे २०२० च्या अखेरीस, चीनवरच्या रागाच्या लाटेत, एक छोटंसं ॲप भारतात तुफान चाललं. नाव ‘रिमूव्ह चायना ॲप्स’, बनवलं होतं जयपूरच्या एका कंपनीने. ॲप उघडून स्कॅनचं बटण दाबलं की फोनमधल्या चिनी ॲपची यादी समोर यायची. मग एकेकावर बोट ठेवून ती काढून टाकायची. डाउनलोडचा आकडा बघता बघता ५० लाखांच्या घरात गेला. जूनच्या सुरुवातीला गूगलने नियमावर बोट ठेवून ते प्ले स्टोअरवरून उतरवलं.

ज्या फोनवरून ही साफसफाई चालली होती तो फोनच अनेकदा चिनी कंपनीचा होता, म्हणून तेव्हा बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माणूस जे सोडू शकतो ते सोडत होता आणि जे सोडणं जड जातं ते धरून होता. असं का होतं, याचं उत्तर काही मनात आहे आणि बरंचसं फोनच्या रचनेत आहे.

आधी साधा प्रश्न: ॲप ‘चिनी’ आहे हे फोनला कळतं कसं? खरं तर कळतच नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला एक पॅकेज नाव असतं. वेबसाइटचा पत्ता उलटा लिहावा तसं, आधी ‘कॉम’, मग कंपनी, मग ॲप. त्यात देशाचा रकाना नाही. म्हणजे कोणतं ॲप कुठलं, ही यादी कोणीतरी बसून करावी लागते आणि ती करताना ठरवावं लागतं की ‘कुठलं’ म्हणजे नेमकं काय. कंपनीची नोंदणी जिथे झाली तो देश? पैसा जिथून आला तो? की सर्व्हर जिथे आहेत तो? पबजी मोबाइलचंच बघा. खेळ दक्षिण कोरियाचा, पण मोबाइलवर तो आणला चीनच्या टेनसेंटने. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी आली, तेव्हा कोरियन कंपनीने भारतातले हक्क टेनसेंटकडून काढून घेतले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

फोनचं कोडं तर याहून अवघड. प्रोसेसरचा मूळ आराखडा ब्रिटनच्या आर्म कंपनीचा, चिप अमेरिकेच्या क्वालकॉमची किंवा तैवानच्या मीडियाटेकची, ऑपरेटिंग सिस्टिम गूगलची, पाठीवरचं नाव चिनी आणि सगळं जुळवलेलं भारतातल्या कारखान्यात. अशा वस्तूवर बहिष्कार घालायचा तर सुरुवात कुठून करायची?

आता ब्रँडनिष्ठेकडे येऊ. एखाद्याने सलग चार फोन एकाच कंपनीचे घेतले की आपण म्हणतो, त्याचं त्या ब्रँडवर प्रेम आहे. पण फोन बदलायची ती संध्याकाळ आठवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप नीट उतरेल ना, ही धाकधूक. बँकेचं ॲप पुन्हा सुरू करायचं तर ते आधी सिममधून एसएमएस पाठवून खात्री करून घेणार, मग पिन मागणार. गॅलरीतले फोटो आले, पण अल्बम विस्कटले. बॅकचं बटण नेहमीच्या जागी नाही, म्हणून अंगठा पंधरा दिवस चुकीच्याच कोपऱ्यात जातो. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट कीबोर्डची. जुन्या कीबोर्डला आपली मराठी पाठ झालेली असते, घरच्यांची नावं, गावाचं नाव दोन अक्षरांत पुढे येतं. नवा कीबोर्ड कोरा असला तर पहिल्यापासून शिकवणी.

अर्थशास्त्रात याला बदलाची किंमत म्हणतात. ती दुकानातल्या पावतीवर दिसत नाही, पण आपण ती नकळत मोजतो. त्याच कंपनीचा नवा फोन घेतला की यातला बराचसा त्रास वाचतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात व्हॉट्सॲपच्या गप्पा अधिकृतपणे हलवायची सोय २०२१-२२ मध्ये कुठे आली. त्याआधी कित्येक वर्षं दुसऱ्या बाजूला जाणं म्हणजे गप्पांवर पाणी सोडणं होतं. ज्याला आपण निष्ठा म्हणत होतो, तिचा मोठा भाग म्हणजे अडकलेपण होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मनाचा भाग नाहीच असं मात्र नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगचा प्रयोग गाजलेला आहे. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना एकेक मग भेट दिला, काहींना दिला नाही. ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तो मग हाती येऊन फार वेळ झाला नव्हता, तरी ‘माझा’ झाल्याबरोबर त्याचं मोल वाढलं. दोन-तीन वर्षं उशाशी असलेल्या फोनचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली १४-१५ वर्षांची शाळकरी मुलं. त्यांना काही चित्रं दाखवली आणि सांगितलं की तुमच्यातल्या काहींना पॉल क्ली हा चित्रकार आवडतो, काहींना कँडिन्स्की, त्यावरून हे दोन गट. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली होती. मग प्रत्येकाने एकट्याने बसून दोन गटांतल्या अनोळखी मुलांना गुण वाटायचे, गुणांचे पुढे पैसे मिळणार. स्वतःला काहीच द्यायचं नाही. एका तक्त्यात पर्याय असे होते: एका टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि त्यांच्यातल्याला २५, मध्यावर दोघांना १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि त्यांच्यातल्याला १. आपल्या गटाचा सरळ फायदा १९ मध्ये आहे. पण मुलांचा कल मध्याच्या पलीकडे, ७ आणि १ च्या दिशेला गेला. आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल, त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे.

आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले यांची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. देशाचा झेंडा मध्ये आला की हीच प्रवृत्ती दसपट जोर धरते. पण तिथेही मन एकसुरी वागत नाही. १९९८ मध्ये क्लाइन, एटेन्सन आणि मॉरिस या संशोधकांनी चीनमधल्या नानजिंग शहरातल्या ग्राहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३७ मध्ये जपानी सैन्याने जिथे भीषण हत्याकांड केलं, तेच हे शहर. जपानबद्दल मनात राग असलेले लोक जपानी माल घ्यायचं टाळत होते, पण तो माल वाईट आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. राग आणि दर्जा यांचे हिशेब मनात वेगवेगळे चालतात.

भारतात २०२० मध्ये हेच दोन हिशेब समोरासमोर आले. १५ जूनला लडाखमधल्या गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले. राग खरा होता आणि रास्त होता. त्या वर्षी आयपीएलच्या नावाआधीचं ‘विवो’ हे चिनी फोन कंपनीचं नाव गेलं. पण फोनच्या विक्रीत चिनी ब्रँडचा वाटा थोडा घसरून पुन्हा तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहिला. कमी पैशांत तसा फोन देणारे दुसरे फारसे नव्हते आणि बदलाची किंमत तर होतीच. ॲपच्या बाबतीत ती जवळजवळ शून्य. बोट दाबून धरलं, अनइन्स्टॉल केलं, झालं. सरकारलाही बंदी घालायला ॲपच सोपी होती. २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲपवर बंदी आली. टिकटॉक, यूसी ब्राउझर, शेअरइट, कॅमस्कॅनर वगैरे.

आता बंदीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसात फोनच्या आत काय बदलतं ते पाहू. स्टोअरवरून ॲप उतरतं, पण ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच आहे तिथे चिन्ह तसंच राहतं. त्यावर बोट ठेवलं की ॲप आधी सर्व्हरचा पत्ता विचारतं. नाव सांगून आकडी पत्ता मिळवायची ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. बहुतेक वेळा हे उत्तर आपली इंटरनेट कंपनीच देते, त्यामुळे बंदीचा पहिला अडसर इथे टाकता येतो: चुकीचं उत्तर द्यायचं. पण दुसरीकडून पत्ता विचारला की हा अडसर संपतो.

पुढचा अडसर जास्त चिवट असतो. जोडणी सांकेतिक लिपीत सुरू होण्याआधीच्या पहिल्या निरोपात ॲपला सर्व्हरचं नाव सहसा उघड सांगावं लागतं, कारण एकाच आकडी पत्त्यावर अनेक सेवा नांदत असतात. बंद पाकिटातलं पत्र वाचता येत नाही, पण वरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. तो पत्ता वाचून इंटरनेट कंपनी जोडणी तोडू शकते. भारतातल्या वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात, म्हणून एका सिमवर बंद असलेली साइट कधीकधी दुसऱ्यावर उघडते.

तिसरा मार्ग थेट आकडी पत्तेच बंद करण्याचा. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम हे मेसेजिंग ॲप बंद करण्यासाठी तो वापरला. टेलिग्राम अमेझॉन आणि गूगलच्या सर्व्हरवर सरकत राहिलं, रशिया पत्ते बंद करत राहिला आणि बंद पत्त्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली. टेलिग्रामशी काडीचा संबंध नसलेल्या सेवा कोलमडल्या. टेलिग्राम चालूच राहिलं आणि २०२० मध्ये रशियाने बंदी उठवली.

सगळ्यात पक्की बंदी होते ती कंपनीने स्वतःच दार लावलं तर. सिमकार्डात १५ आकड्यांपर्यंतचा एक क्रमांक असतो, त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. सिम कोणत्या देशाचं, हे ॲपला परवानगी न मागताही कळतं. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपली जागा लपवणारी सोय, लावून आपण परदेशात असल्याचं भासवलं तरी सिम खरं तेच सांगतं. टिकटॉकने भारतात आदेशानंतर लगेच सेवा थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ते काही तास बंद झालं, तेव्हाही अनेकांना व्हीपीएनचा उपयोग झाला नाही. सेवा परतली, पण स्टोअरवर ॲप आलं फेब्रुवारीत. मधल्या काळात तिथे टिकटॉक आधीपासून असलेले वापरलेले फोन चढ्या भावाने विकायला निघाले होते.

भारतात टिकटॉकचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. बंदीनंतर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. मोज, जोश, चिंगारी ही देशी ॲपही मैदानात होती, पण मोठी गर्दी अखेर अमेरिकन कंपन्यांकडे वळली. बघणाऱ्याने नुसती जागा बदलली. खरं नुकसान झालं ते खेड्यापाड्यांतल्या व्हिडिओ करणाऱ्यांचं. फोटो आणि नंबर नव्या फोनवर नेता येतात, जमवलेले फॉलोअर दुसऱ्या ॲपवर नेता येत नाहीत. त्याबद्दल तेव्हा फारसं कोणी बोललं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बंदीसाठी सरकारने दिलेलं माहितीच्या सुरक्षेचं कारण खोटं होतं का? मुळीच नाही. बंदी आली त्याच जून महिन्यात ॲपलने आयओएस १४ या आयफोनच्या सिस्टिमची चाचणी आवृत्ती दिली. कोणतंही ॲप तुमचा क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर वाचू लागलं की त्यात वर एक पट्टी दिसायची. टिकटॉकमध्ये टाइप करताना ती पट्टी दर काही अक्षरांनी चमकत होती. कॉपी केलेला मजकूर म्हणजे कधी पासवर्ड, कधी खाते क्रमांक. कंपनीने ते स्पॅम रोखण्यासाठी असल्याचं सांगितलं आणि बंद केलं. मात्र तीच पट्टी लिंक्डइनसारख्या अमेरिकन ॲपमध्येही दिसली. बंदीच्या यादीने ५९ ॲप थांबवली, त्या पट्टीने प्रत्येक ॲपची ती सवय उघडी पाडली, ते कुठल्याही देशाचं असो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा वेगळा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला.

५९ च्या यादीत शाओमी या चिनी फोन कंपनीचीही दोन ॲप होती. फोनमध्ये कंपनीनेच घालून दिलेली ॲप वापरणाऱ्याला सहसा काढता येत नाहीत, ती सिस्टिमच्या भागात बसलेली असतात. ती काढायची तर सिस्टिमच बदलावी लागते. ऑगस्ट २०२० मध्ये शाओमीने जाहीर केलं की बंदी असलेलं एकही ॲप आधीपासून नसलेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती भारतातल्या फोनवर टप्प्याटप्प्याने येईल. असं अपडेट बनवते, त्यावर आपली डिजिटल सही करते आणि ते फोनमध्ये उतरवते ती फोनची कंपनीच.