खोकल्यातून रक्त पडणे : रुग्णाची हकिगत आणि लक्षणे

स्वरयंत्राच्या खालच्या श्वासमार्गातून किंवा फुप्फुसातून आलेले रक्त खोकल्याबरोबर बाहेर पडते, त्याला वैद्यकात हिमॉप्टिसिस म्हणतात. बेडक्यातल्या एखाद्या लाल रेघेपासून तोंड भरून येणाऱ्या ताज्या रक्तापर्यंत सगळे या एकाच नावाखाली येते. हा रोग नव्हे, लक्षण आहे. त्यामागचे कारण शोधण्याची बरीचशी वाट छातीचा एक्स-रे काढण्याआधी, रुग्णाशी बोलतानाच सरते.

अडचण अशी, की ही हकिगत सरळ क्वचितच मिळते. रक्त फुप्फुसातले असो, जठरातले असो की नाकातून घशात उतरलेले. रुग्ण बहुधा ‘रक्ताची उलटी झाली’ एवढेच सांगतो. म्हणून ‘किती पडले?’ याच्या आधी ‘कसे आले?’ हे विचारावे लागते. घशात खवखवून खोकल्याची उबळ आली, की आधी मळमळले आणि पोटात ढवळले? फुप्फुसातले रक्त सहसा लालभडक, फेसाळ आणि कफात मिसळलेले असते, आणि पुढेही काही दिवस बेडक्यात त्याच्या रेघा येत राहतात. जठरातले रक्त आम्लामुळे काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखे होते, त्यात कधी अन्नकण असतात आणि नंतर शौचाला डांबरासारखी काळी होते. फेसाळ रक्त छातीतले, ही खूण तर प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीस याच्या परंपरेपासून चालत आलेली आहे. हे भेद कागदावर नेटके दिसतात, रुग्ण मात्र त्यांत नेहमी बसत नाही. रात्री झोपेत गिळले गेलेले छातीतले रक्त सकाळी खरोखरच उलटीतून पडू शकते आणि शौचही काळे करू शकते. खोकला मुळीच नसताना, नुसते थुंकल्यावर किंवा दात घासताना रक्त दिसले तर आधी हिरड्या आणि नाक तपासावे. क्षयावरच्या रिफॅम्पिसिन या औषधानेही थुंकी नारिंगी-लाल होते, तेव्हा चालू औषधे विचारल्याशिवाय घाबरून जाऊ नये.

रंगावरून इंग्रज कवी जॉन कीट्सची गोष्ट आठवते. त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. फेब्रुवारी 1820 मध्ये एका रात्री अंथरुणात हलकासा खोकला आला आणि चादरीवर रक्ताचा थेंब दिसला. त्याने मेणबत्ती मागवली, रंग न्याहाळला आणि हे रक्त धमनीतले आहे, आता आपला मृत्यू ठरला, असे मित्राला सांगितले. पुढच्याच वर्षी तो क्षयाने वारला. त्याचे रंगाचे निदान शरीररचनेला धरून होते. मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या ब्राँकियल धमन्यांतून होतो. या धमन्यांत प्राणवायूयुक्त लाल रक्त असते आणि त्यांतला दाब फुप्फुस धमन्यांतल्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

रक्त किती गेले, याचा रुग्णाचा अंदाज फारसा विश्वासार्ह नसतो. बेसिनात पाणी असले की चमचाभर रक्तही भांडेभर दिसते. उलट गिळलेले आणि छातीतच साठलेले रक्त कुणाच्याच मोजणीत येत नाही. ‘रुमालावर डाग पडला, की कप भरला?’ असे विचारणे बरे. पुढे पडणारे रक्त खुणा असलेल्या भांड्यात जमवायला सांगणे त्याहून बरे. मोठा रक्तस्राव कशाला म्हणावे यावरही एकमत नाही. 24 तासांत 100 मिलिलिटरपासून 600 मिलिलिटरपर्यंत वेगवेगळ्या मर्यादा वापरल्या जातात. श्वासनलिकांच्या मोकळ्या जागेत जेमतेम 150 मिलिलिटर मावते. त्यामुळे असा रुग्ण रक्त संपून नव्हे, बहुधा गुदमरून दगावतो. धाप लागणे, सलग वाक्य बोलता न येणे, ओठ निळे पडणे किंवा घेरी येणे यांपैकी काही दिसले तर हकिगत बाजूला ठेवून उपचार सुरू करावेत. छातीच्या कोणत्या बाजूला गरम किंवा बुडबुडल्यासारखे वाटते, एवढे मात्र विचारून घ्यावे. काही रुग्णांना ते सांगता येते. रक्त येणारी बाजू माहीत असल्यास रुग्णाला त्याच कुशीवर, म्हणजे ती बाजू खाली ठेवून झोपवतात, म्हणजे चांगले फुप्फुस वाचते.

वेळ असेल तेव्हा सर्वांत जास्त सांगतो तो खोकल्याचा काळ. चार दिवसांचा खोकला, ताप आणि कफात बारीक रेघा हे चित्र साध्या ब्राँकायटिसचे, म्हणजे श्वासनलिकांच्या दाहाचे. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि उतरलेले वजन म्हटले की क्षय. वर्षानुवर्षे रोज सकाळी भरपूर बेडका पडत असेल तर श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असू शकतात. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. चाळिशी उलटलेल्या धूम्रपानी माणसाचा नेहमीचा खोकला अलीकडे बदलला असेल किंवा आवाज बसला असेल तर कर्करोगाचा संशय धरावा, रक्त कितीही थोडे असो. प्रमाण आणि गांभीर्य यांची सांगड येथे लागत नाही. कर्करोगात महिनोन्महिने नुसत्या रेघाच दिसतात, तर ब्राँकिएक्टॅसिसचा रुग्ण अधूनमधून कपभर रक्त टाकूनही पुढे वर्षे काढतो.

‘क्षय होऊन बरा झाला’ असे सांगणाऱ्याला पुन्हा रक्त पडले तर रोग उलटला असे लगेच धरू नये. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलेला असतो, किंवा पोकळीच्या भिंतीतली धमनी फुगून फुटते. या फुग्याला 1868 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या डॅनिश वैद्याच्या नावावरून रासमुसेनचा धमनीविस्फार म्हणतात.

काही प्रश्न छातीबाहेरचे असतात आणि तेच राहून जातात. पोटरी सुजली आहे का, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा लांबचा प्रवास झाला का, श्वास घेताना बरगडीत टोचते का? होकार आला तर फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी आठवावी. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि आता आडवे झाल्यावर धाप लागते, तर हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते. लघवीही लाल होत असेल तर मूत्रपिंड आणि फुप्फुस दोन्हींना धरणारे रोग शोधावेत. दर महिन्याला पाळीबरोबरच रक्त पडते, हे बाई आपणहून सहसा सांगत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारावेच, पण गोळीचे नाव ऐकून मूळ कारणाचा शोध थांबवू नये.

लहान मुले कफ गिळतात, म्हणून त्यांच्यात रक्त उशिरा दिसते. मुलाने काही आठवड्यांपूर्वी शेंगदाणा खाताना मोठा ठसका घेतला होता आणि मग ते शांत झाले, ही गोष्ट आई विसरलेली असते. दाणा श्वासनलिकेत अडकून राहिलेला असू शकतो, म्हणून तो ठसका मुद्दाम विचारावा लागतो.