शुगरवाल्या बाईने 'खालची' तपासणी करू नये म्हणे!

हे मी किती वर्षं ऐकतेय, की शुगर असेल तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करायची नाही, जखम होते आणि मग भरत नाही. अहो, कापाकापी नसतेच त्यात! पॅप स्मिअरला मऊ ब्रशने थोड्या पेशी घेतात, आणि सरकारी दवाखान्यात जी व्हीआयए करतात त्यात पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (आपल्या व्हिनेगरमधलंच) लावून एक मिनिट थांबतात, जागा पांढरी पडते का बघतात, झालं.

दुसरा गैरसमज जास्त घातक, "दर तीन महिन्यांनी रक्त तपासते, काही असतं तर दिसलं असतं." नाही दिसत. त्या रक्ततपासणीत, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, फक्त साखर कळते.

खरं तर ३० वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात शुगर, बीपी आणि हा कॅन्सर, सगळंच तपासायचं असतं. पण शुगर ओट्यावर बसून बोट टोचून होते, याला आडोसा लागतो, टेबल लागतं, शिकलेली नर्स लागते, मग खेड्यातली बाई शुगरची गोळी घेऊन घरी जाते आणि हे राहूनच जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी केलेली होती, शंभरात दोनसुद्धा नाहीत!

आणि तपासणीने जीव वाचतात हे आपल्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सिद्ध झालंय, तिथे लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणारा विषाणू शोधणारी) केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढच्या वेळी शुगरच्या गोळ्या आणायला जाल तेव्हा तिथल्या सिस्टरांना सरळ विचारा, व्हीआयए कुठल्या वारी असते.